ओळख परेडीची न्याय्यता : लबाडीचा बंदोबस्त आणि प्रामाणिक चुकीचा विसर

सारांश

फौजदारी तपासातील ओळख परेड ही आरोपीची ओळख पटविण्याची प्रचलित पद्धती होय. या पद्धतीभोवती भारतीय न्यायालयांनी उभारलेली बंधने मुख्यतः पोलीस व साक्षीदार यांच्या संगनमताला आळा घालण्यासाठी आहेत. साक्षीदार पूर्णतः प्रामाणिक असूनही चुकू शकतो, या शक्यतेचा विचार त्यांत फारच थोडा आढळतो. परिणामी स्मृतीची तुलनेने विश्वसनीय कसोटी दुय्यम आणि अत्यंत सूचक अशी न्यायालयातील ओळख मुख्य पुरावा, अशी उलटी उतरंड निर्माण झाली आहे. प्रस्तुत लेखात या विसंगतीची चिकित्सा करून काही उपाय सुचविले आहेत.

बीजसंज्ञा : ओळख परेड, प्रत्यक्षदर्शी साक्षीदार, स्मृती, सूचकता, न्यायालयातील ओळख.

प्रास्ताविक

प्रत्येक फौजदारी खटल्यात दोन प्रश्न निर्णायक असतात : गुन्हा घडला काय, आणि तो कोणी केला. पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा जखमा, जप्त वस्तू व वैद्यकीय अहवाल यांतून मिळते. दुसऱ्याचे उत्तर अनेकदा एका माणसाच्या आठवणीवर अवलंबून राहते. काही क्षण पाहिलेला अनोळखी चेहरा आठवून साक्षीदार एका व्यक्तीकडे बोट दाखवितो आणि त्या बोटाच्या आधारे त्या व्यक्तीचे स्वातंत्र्य, प्रसंगी जीवितही, पणाला लागते.

११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या उपनगरी रेल्वेगाड्यांत झालेल्या स्फोटमालिकेचा खटला या दृष्टीने उद्बोधक आहे. या स्फोटांत १८० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. विशेष न्यायालयाने २०१५ मध्ये बारा जणांना दोषी ठरवून पाच जणांना फाशीची व सात जणांना जन्मठेपेची शिक्षा दिली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने या बाराही जणांना निर्दोष ठरविले. ओळखीच्या पुराव्याविषयी न्यायालयाने नोंदविलेली दोन कारणे येथे महत्त्वाची आहेत. एक, परेड घेणाऱ्या अधिकाऱ्यास त्या वेळी तसा अधिकार नव्हता. दोन, शंभराहून अधिक दिवस मौन पाळलेल्या साक्षीदारांना ते चेहरे नेमके कसे आठवले, याचे समाधानकारक उत्तर मिळत नव्हते. राज्य शासनाच्या अपिलानंतर २४ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल पूर्वोदाहरण म्हणून वापरला जाऊ नये असा आदेश दिला. निकालाच्या गुणदोषांत न शिरताही एक गोष्ट स्पष्ट होते. ओळखीच्या पुराव्याची खरी तपासणी गुन्ह्यानंतर एकोणीस वर्षांनी झाली. तोपर्यंत आरोपींचे तारुण्य तुरुंगात गेले होते आणि मृतांच्या नातलगांना ‘हे कोणी केले’ या प्रश्नाचे निर्विवाद उत्तर मिळालेले नव्हते. ओळखीची पद्धती सदोष असेल तर तिची किंमत आरोपी व पीडित अशा दोघांनाही मोजावी लागते, हे या खटल्यावरून दिसून येते.

ओळख परेडीचे कायद्यातील स्थान

ओळख परेडीची तपशीलवार कार्यपद्धती संसदेच्या कोणत्याही अधिनियमात दिलेली नाही. भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ च्या कलम ९ नुसार, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ७ नुसार, व्यक्तीची ओळख प्रस्थापित करणारी वस्तुस्थिती संबद्ध ठरते, एवढाच तिचा वैधानिक आधार. अटक केलेल्या व्यक्तीस ओळखीसाठी हजर राहण्याचा आदेश देण्याची तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ५४-अ म्हणून २००६ मध्ये अमलात आली. आता ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५४ मध्ये आहे. बाकी सारे नियम न्यायनिर्णय, उच्च न्यायालयांच्या नियमपुस्तिका आणि प्रशासकीय प्रथा यांतून घडले आहेत.

या घडणीतील एक महत्त्वाचा टप्पा मुंबईचाच आहे. फोर्ट भागातील लॉइड्स बँकेवर १९५१ मध्ये पडलेल्या दरोड्यातून रामकिशन मिठनलाल शर्मा विरुद्ध मुंबई राज्य हा खटला उद्भवला. त्याच्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने असे प्रतिपादन केले की, साक्षीदाराने बोट दाखविणे हेही एक प्रकारचे कथनच होय. ते पोलिसांसमोर झाले तर पोलिसांपुढील जबाबांना लागू असलेला प्रतिबंध त्यालाही लागू होतो. म्हणून परेडीच्या वेळी पोलिसांनी स्वतःला पूर्णपणे बाजूला ठेवले पाहिजे. महाराष्ट्रात कार्यकारी दंडाधिकारी व दोन पंच यांच्या उपस्थितीत परेड घेण्याची जी प्रथा आहे, तिच्यामागे हेच तत्त्व आहे.

नियमांचा रोख

मुंबई उच्च न्यायालयाच्या फौजदारी नियमपुस्तिकेतील मार्गदर्शक सूचना आणि वेळोवेळीचे न्यायनिर्णय एकत्र वाचले असता परेडीच्या नियमांचा रोख ध्यानात येतो. अटकेनंतर आरोपीचा चेहरा झाकावा. साक्षीदारांना एकेक करून आत बोलवावे, बाहेर आलेल्या साक्षीदाराने आत न गेलेल्याशी बोलू नये. आरोपीला रांगेतील आपली जागा निवडू द्यावी व बदलू द्यावी. पंच प्रतिष्ठित असावेत. पोलीस दृष्टिआड असावेत. या प्रत्येक नियमामागे एकच भीती आहे : पोलीस साक्षीदाराला आरोपी आधीच दाखवून ठेवतील.

ही भीती निराधार नाही. गिरीशन नायर विरुद्ध केरळ राज्य (२०२२) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परेडीचा पुरावा अविश्वसनीय ठरवून आरोपींना मुक्त केले, ते परेडीपूर्वी साक्षीदारांना आरोपी दिसण्याची पुरेपूर संधी मिळाली होती म्हणून. तेव्हा लबाडीचा बंदोबस्त आवश्यक आहे, याबद्दल दुमत नाही. प्रश्न एवढाच की, लबाडी वगळली म्हणजे ओळख खरी ठरते काय?

या प्रश्नाचे नकारार्थी उत्तर शंभर वर्षांपूर्वीच मिळाले होते. इंग्लंडमध्ये अ‍ॅडॉल्फ बेक या गृहस्थाला १८९६ मध्ये आणि पुन्हा १९०४ मध्ये फसवणुकीबद्दल दोषी ठरविण्यात आले. फसविल्या गेलेल्या अनेक स्त्रियांनी शपथेवर त्याला ओळखले होते. त्यांपैकी कोणीही खोटे बोलत नव्हते, पण गुन्हेगार दुसराच होता. या प्रकरणाच्या धक्क्याने १९०७ मध्ये तेथे फौजदारी अपील न्यायालय स्थापन झाले. पुढे १९७६ मध्ये लॉर्ड डेव्हलिन यांच्या समितीने आणि त्याच वर्षी टर्नबुल खटल्याच्या निकालाने हाच धडा अधिक नेमक्या शब्दांत मांडला : चुकलेला साक्षीदारही अत्यंत खात्रीशीर वाटू शकतो, आणि अनेक साक्षीदार एकाच वेळी चुकू शकतात.

भारतीय न्यायव्यवहारात याच्या नेमकी उलट दिशा कधी कधी दिसते. मोठ्या जमावाच्या गुन्ह्यांत दोन किंवा तीन साक्षीदारांनी सुसंगतपणे ओळखले तरच दोषी धरावे, ही मसलती विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य (१९६४) या निर्णयातील कसोटी सावधगिरीची आहे. स्वतः न्यायालयानेही ती यांत्रिक वाटेल हे मान्य केले होते. परंतु साक्षीदारांची संख्या ही लबाडीविरुद्धची हमी आहे. सर्व साक्षीदारांनी एकच छायाचित्र वृत्तपत्रात पाहिले असेल, तर तिघांचे एकमत हे तीन स्मृतींचे एकमत नसून एका छायाचित्राचे तीन प्रतिध्वनी असतात.

प्रामाणिक चूक कशी घडते

मानसशास्त्राने गेल्या अर्धशतकात या चुकीची यंत्रणा बऱ्याच अंशी उलगडली आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गॅरी वेल्स यांनी १९७८ मध्ये साक्षीवर परिणाम करणाऱ्या घटकांचे दोन गट पाडले. प्रकाश, अंतर, भीती, पाहण्याचा अवधी हे घटक न्यायव्यवस्थेच्या हाती नसतात. त्यांचा नंतर फक्त अंदाज बांधता येतो. परंतु साक्षीदाराला दिलेली सूचना, रांगेची रचना, परेड घेणाऱ्याची भूमिका हे घटक सर्वस्वी व्यवस्थेच्या हाती असतात. भारतीय निकालपत्रांत पहिल्या गटाची चर्चा विस्ताराने आढळते : चांदणे होते का, कंदील होता का, आरोपी किती फुटांवर होता. दुसऱ्या गटातील घटकांपैकी विलंब व आधी दर्शन हे दोन सोडले तर उरलेल्यांची चर्चा विरळाच.

वेल्स यांच्याच प्रतिपादनानुसार रांगेसमोर उभा असलेला साक्षीदार अनेकदा स्मृतीशी तुलना करीत नाही. रांगेतील माणसांची आपापसांत तुलना करून त्यांतल्या त्यात जवळचा वाटणारा चेहरा तो निवडतो. खरा गुन्हेगार रांगेत असेल तर ही पद्धत बहुधा खपून जाते. तो नसेल तर मात्र त्याच्याशी थोडेफार साम्य असलेला निरपराध माणूस निवडला जातो. ‘गुन्हेगार या रांगेत असेल किंवा नसेलही’ एवढी एक सूचनाही येथे मोठा फरक करते. मालपास व डिव्हाइन यांच्या १९८१ च्या प्रयोगात गुन्हेगार रांगेत नसताना, तो आहे असे भासविणाऱ्या सूचनेनंतर ७८ टक्के साक्षीदारांनी कोणाला तरी चुकीचे निवडले. निःपक्ष सूचनेनंतर हे प्रमाण ३३ टक्क्यांवर आले. उरलेले ३३ टक्केही काळजी करण्याजोगेच, पण एका वाक्याने चूक निम्म्याहून कमी होते ही गोष्ट साधी नाही.

आपल्याकडील साक्षीदाराची स्थिती लक्षात घेतली तर या निष्कर्षाचे गांभीर्य वाढते. त्याला पोलीस ठाण्यातून बोलावणे येते, कामाचा खाडा करून तो तहसील कार्यालयात किंवा तुरुंगात पोहोचतो, आणि ‘आरोपी सापडला आहे, ओळखायला या’ हे शब्द त्याच्या कानांवर पडलेले असतात. कोणालाच न ओळखता परतणे म्हणजे आपण कर्तव्यात कमी पडलो असे त्याला वाटणे स्वाभाविक आहे. येथे कोणी लबाडी केलेली नाही. तरीही रांगेत उभ्या असलेल्या एखाद्या निरपराध माणसाच्या दृष्टीने ही परिस्थिती धोक्याचीच आहे.

दुसरा धोका परेडीनंतरचा आहे. वेल्स व ब्रॅडफील्ड यांनी १९९८ मध्ये दाखवून दिले की, चुकीची निवड केलेल्या साक्षीदाराला ‘ठीक, तुम्ही संशयितालाच ओळखलेत’ एवढे सांगितले तरी त्याची खात्री वाढते. इतकेच नव्हे, तर आपण गुन्हेगाराला किती नीट पाहिले होते याविषयीची त्याची आठवणही बदलते. न्यायालयात तो ज्या आत्मविश्वासाने बोलतो तो अशा रीतीने बाहेरून आलेला असू शकतो. उलटतपासणी खोटेपणा उघडा पाडण्यास समर्थ आहे, परंतु स्वतःच्या चुकीवर मनापासून विश्वास असलेल्या माणसापुढे ती निष्प्रभ ठरते.

रांगेचे अंकगणित

फौजदारी नियमपुस्तिकेनुसार एका आरोपीसाठी किमान सहा आणि दोन आरोपींसाठी दहा ते बारा इतर व्यक्ती, ज्यांना व्यवहारात ‘डमी’ म्हणतात, रांगेत असाव्यात. सहा डमी व एक आरोपी अशा रांगेत काहीही न आठवणाऱ्या माणसानेही डोळे मिटून बोट दाखविले तर आरोपी निवडला जाण्याची शक्यता सातात एक, म्हणजे सुमारे १४ टक्के असते. दोन आरोपी व दहा डमी असतील तर कोणातरी एका आरोपीवर बोट पडण्याची शक्यता सहात एक होते. इंग्लंडमधील नियमांनुसार एका संशयितासाठी किमान आठ इतर व्यक्ती लागतात.

ही झाली कागदावरची संख्या. साक्षीदाराने ‘उंच, सावळा, दाढीवाला तरुण’ असे वर्णन दिले असेल आणि सहांपैकी चार डमी बुटके किंवा दाढी नसलेले असतील, तर ती रांग प्रत्यक्षात तिघांचीच राहते. डूब व किर्शेनबॉम यांनी १९७३ मध्ये यावर एक सोपी कसोटी सुचविली : गुन्हा न पाहिलेल्या लोकांना केवळ वर्णन वाचून दाखवावे आणि रांगेच्या छायाचित्रातून संशयित निवडण्यास सांगावे. त्यांतील बहुतेकांनी आरोपीलाच निवडले तर ती रांगच आरोपीकडे बोट दाखविते, असे म्हणावे लागेल. आपल्याकडील परेडीच्या निवेदनात डमींची नावे, वये व पत्ते असतात आणि ते ‘साधारण सारख्या अंगकाठीचे’ होते असे एक ठरीव वाक्य असते. छायाचित्र जोडण्याची सक्ती नसल्याने ते वाक्य पडताळून पाहण्याचा मार्ग न्यायालयापुढे उरत नाही.

उलटी उतरंड

सर्वांत मोठी विसंगती पुराव्याच्या श्रेणीत आहे. न्यायालयांनी सातत्याने घेतलेली भूमिका अशी की, ओळख परेड हा मूलभूत पुरावा नव्हे. न्यायालयात शपथेवर पटविलेली ओळख हाच मूलभूत पुरावा आणि परेड ही तिची पुष्टी. मलखानसिंग विरुद्ध मध्य प्रदेश राज्य (२००३) या निर्णयात हे तत्त्व स्पष्टपणे मांडले गेले. योग्य प्रकरणी परेड न घेताही न्यायालयातील ओळख स्वीकारता येते, असेही तेथे म्हटले आहे. दुसरीकडे कानन विरुद्ध केरळ राज्य (१९७९) या निर्णयात, अनोळखी आरोपीला पूर्वीच्या परेडीविना न्यायालयात प्रथमच ओळखणे मूल्यहीन ठरविले होते. या दोन भूमिकांत न्यायव्यवहार आजही हेलकावे घेताना दिसतो.

शपथ आणि उलटतपासणी ही न्यायालयातील ओळखीची बलस्थाने होत. परंतु स्मृतीच्या दृष्टीने पाहिले तर ती कसोटी म्हणावी अशी प्रक्रियाच नाही. तेथे डमी नसतात. आरोपी पिंजऱ्यात किंवा पोलिसांच्या मध्ये बसलेला असतो. घटनेला बहुधा काही वर्षे लोटलेली असतात आणि मधल्या काळात साक्षीदाराने तोच चेहरा परेडीत पाहिलेला असतो. त्यामुळे न्यायालयात तो घटनेतील माणसाला ओळखतो की परेडीतील माणसाला, हे त्याला स्वतःलाही सांगता येणार नाही. विक्स्टेड, वेल्स, लॉफ्टस व गॅरेट यांनी २०२१ मध्ये या साऱ्या संशोधनाचे तात्पर्य एका आग्रहात मांडले : एका संशयिताबाबत साक्षीदाराच्या स्मृतीची कसोटी एकदाच घ्यावी. कारण पहिली कसोटीच दुसरीला दूषित करते. योग्य रीतीने घेतलेल्या पहिल्या ओळखीच्या क्षणी साक्षीदाराने व्यक्त केलेली खात्री ही अर्थपूर्ण असते. न्यायालयातील खात्रीला तसे मूल्य उरत नाही. कायद्याची उतरंड याच्या बरोबर विरुद्ध आहे.

विलंबाविषयीच्या निर्णयांतही हीच संदिग्धता आहे. सोनी विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य (१९८२) या खटल्यात ४२ दिवसांच्या विलंबाने परेडीविषयी संशय निर्माण झाला, तर प्रमोद मंडल विरुद्ध बिहार राज्य (२००४) या निर्णयात विलंबाबाबत ठाम नियम करता येत नाही असे म्हटले गेले. दोन्हींत चर्चेचा भर साक्षीदाराला आरोपी दाखविला गेला असेल काय, यावर राहतो. तसा तो दाखविला नसला तरी स्मृती झिजते, हा मुद्दा मागे पडतो. परेडीतील दिवसांचा विलंब मोजणारी व्यवस्था न्यायालयातील ओळखीमधला वर्षांचा विलंब मात्र निमूटपणे स्वीकारते.

संभाव्य आक्षेप

या विवेचनावर एक गंभीर आक्षेप घेता येईल. परेड सदोष ठरली की आरोपी सुटतात. मग नियम अधिक कडक केल्यास पीडितांवर अन्याय होणार नाही काय? मलखानसिंग खटल्यातील पीडितेला हल्लेखोरांचे चेहरे पाहण्यास पुरेसा अवधी मिळाला होता. तांत्रिक उणिवेपायी तिची साक्ष फेटाळणे अन्यायाचेच ठरले असते. हा आक्षेप बिनतोड वाटला तरी तो नियम मोडल्याच्या परिणामांविषयी आहे, नियमांच्या गुणवत्तेविषयी नाही. परेडीच्या वेळीच नोंद चांगली असेल तर खऱ्या साक्षीला बळ मिळते आणि ती अपिलात कोसळत नाही. शिवाय चुकीच्या माणसाला ओळखले जाते तेव्हा खऱ्या गुन्हेगाराचा शोध तेथेच थांबतो.

दुसरा मुद्दा आरोपीच्या हक्काचा. मुकेशसिंग विरुद्ध दिल्ली राज्य (२०२३) या निर्णयानुसार परेडीस उभे राहण्याने स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती होत नाही, म्हणून आरोपीला परेड नाकारता येत नाही. हे मान्य केले तर शासनाचे दायित्व वाढते. ज्या कसोटीला नकार देण्याचा अधिकार नाही, ती कसोटी न्याय्य असल्याची हमी देणे हे ती लादणाऱ्याचे कर्तव्य ठरते.

उपाययोजना

सुधारणेसाठी फार मोठ्या खर्चाची गरज नाही. परेडीतील आरोपी कोण हे ठाऊक नसलेल्या व्यक्तीने साक्षीदारासमोर प्रक्रिया चालवावी. रांग उभी करणारा दंडाधिकारी आणि साक्षीदाराला विचारणारा अधिकारी वेगळे असले तरी हे साधते. ‘गुन्हेगार रांगेत नसेलही’ ही सूचना साक्षीदाराच्या भाषेत देऊन ती लिहून घ्यावी. डमींची निवड साक्षीदाराने दिलेल्या मूळ वर्णनावरून करावी. ओळख पटताच, कोणतीही प्रतिक्रिया देण्यापूर्वी, साक्षीदाराची खात्री त्याच्याच शब्दांत नोंदवावी. ज्यांनी कोणालाच ओळखले नाही किंवा डमीला निवडले, त्यांचीही नोंद तितक्याच ठळकपणे व्हावी.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे परेडीचे दृक्‌श्राव्य चित्रण. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती व जप्तीचे चित्रण बंधनकारक झाले आहे. परंतु कलम ५४ मध्ये ओळखीचे चित्रण केवळ ओळखणारी व्यक्ती मानसिक वा शारीरिकदृष्ट्या विकलांग असेल तेव्हाच अनिवार्य आहे. घरातून जप्त केलेल्या सुरीचे चित्रण होते, पण ती सुरी कोणाच्या हातात होती हे सांगणाऱ्या क्षणाचे होत नाही.

या कामी महाविद्यालयांनाही वाटा उचलता येईल. मानसशास्त्र विभागांनी निकाली खटल्यांतील उपलब्ध वर्णनांवर डूब व किर्शेनबॉम यांची कसोटी घेणे, विधी महाविद्यालयांनी जिल्हा न्यायालयांतील परेडीच्या निवेदनांचा अभ्यास करणे, हे पदव्युत्तर प्रकल्पांच्या आवाक्यातील विषय आहेत.

निष्कर्ष

ओळख परेडीची विद्यमान चौकट पोलिसांवरील अविश्वासातून घडली आणि त्या मर्यादेत ती उपयुक्तही ठरली. परंतु अप्रामाणिक माणसाला आवरले की सत्य आपोआप हाती येते, हे तिचे गृहीतक टिकणारे नाही. न्याय्य पद्धती तीच, जी खोटे बोलणाऱ्याला पकडते आणि खरे बोलणाऱ्यालाही चुकण्यापासून वाचवते. परेडीतील पहिली ओळख नीट घेतलेली व नीट नोंदविलेली असेल, तर न्यायालयातील ओळखीवर आज पडणारा असह्य भार हलका होईल. तो भार एकोणीस वर्षांनी अपिलात मोजण्यापेक्षा पहिल्याच दिवशी मोजणे आरोपीच्या हिताचे आहे, आणि पीडिताच्याही.